धनी कोण?

मुलांनो, संगणकातील फोल्डरलाही धनी असतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीच्या कुळात धनी, त्याचा गट आणि इतर यांना वाचण्याचे, लिहिण्याचे व आत शिरण्याचे हक्क निरनिराळे दिलेले असतात.

धनजला आमच्या घरी या काटेकोर द्वारपालाशी गाठ पडली. दिवंगत वडिलांची खंजिरी भजने जुन्या हार्ड डिस्कवर तेवढी उरली होती, आणि ती डिस्क कुरकुरू लागली होती. नव्या संगणकावर भजने उतरवू गेलो, तर उत्तर आले, ‘परवानगी नाही!’ दोन्हीकडे नाव माझेच. परंतु यंत्र नाव नव्हे, खात्याचा क्रमांक पाहते, आणि तो निराळा निघाला. अखेर व्यवस्थापकाचा संकेतशब्द देऊन तो फोल्डर, आतील उपफोल्डरांसह, नव्या खात्याच्या नावे केला. मग एकेक भजन उतरू लागले.