डाख

आईच्या ओव्या रेकॉर्ड करायला नातवानं ऑडिओ इंटरफेस आणलेला. माइक आणि कॉम्प्युटरच्या मधला हा डबा ऐन वेळी मुका झाला. वायर बदलून पाहिली, दिवा लागेना. आई पंच्याऐंशीची, उद्यावर काय ढकलायचं?

वायरी काढल्या. पुढच्या खुंट्या ओढून घेतल्या, नट-स्क्रू सोडले, सर्किट अलगद बाहेर सरकवलं. मोटारीचे स्टार्टर उघडून हात बसलेला. यूएसबीची खोबण हलत होती. वीज तिथूनच येते, अन् तिथलाच डाख तडकलेला. नातवानं मोबाइलचा उजेड धरला, मी नवा डाख दिला. दिवा लागला.

"झालं का रं तुमचं?" आई म्हणाली. जात्याच्या खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओवी आठवत नाही. जातं फिरलं. आम्ही श्वास धरून बसलो.