कुर्ल्याची पालिओ, ग्रेटर नोएडाची सिटी

२००० सालच्या आसपास भारतीय मध्यमवर्ग गाडी घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो ‘ॲव्हरेज किती देते?’ त्याच सुमारास दोन गाड्या अशा आल्या, की त्यांना हा प्रश्न विचारणं म्हणजे रंगलेल्या मैफलीत गवयाला घड्याळ दाखवणं. एक होंडा सिटी १.५ व्हीटेक, सेडान. दुसरी फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, हॅचबॅक. सिटीची ताकद १०६ अश्वशक्ती, पालिओची १००. आकडे शेजारी-शेजारी, स्वभाव मात्र दोन टोकांचे.

सिटी गर्दीत सालस असते. ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि आरपीएमचा काटा वर चढला, की तिच्या व्हीटेक इंजिनात तेलाच्या दाबाने छोट्या पिना सरकतात, रॉकर एकमेकांत अडकतात आणि हवा आत घेणाऱ्या झडपा अधिक उघडू लागतात. बॉनेटखालचा सूरच पालटतो. या एका क्षणासाठी शौकीन गिअर बदलायचा लांबवतात.

पालिओचा जोर खालूनच लागतो.

तिचं दार लावलं तरी पत्र्याचा भरीवपणा हाताला कळतो, आणि घाटाच्या वळणावर ती रस्ता घट्ट धरून राहते. पेट्रोल सढळपणे पिते, हेही खरं. २००१ साली आलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, जिथून पूर्वी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायच्या. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातींचा चेहरा होता. ‘एस१०’ ही खास आवृत्ती त्याच्याच नावाची.

संग्राहकाची वाट मात्र सोपी नाही. ‘व्हिंटेज’ दर्जासाठी गाडीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करायची आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरायचा. हौशी फेरफारांतून सुटलेली, मूळ इंजिनाची व्हीटेक शोधूनच काढावी लागते. पालिओची अडचण वेगळी: फियाटच्या नावाच्या गाड्या आता भारतात बनत नाहीत, त्यामुळे सुटे भाग जमवणं हेच एक काम होऊन बसतं.

दोन्हींतली निश्चिंतपणे चालवायची असेल तर सिटीच घ्यावी. पण आधी वाचवायला हवी ती पालिओ. ज्यांच्या दारात जीटीएक्स उभी आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला जरूर दाखवावी.