पेणचं तिकीट

चौलला रेल्वे नाही. मुंबईहून एका दिवसात येऊन परतायचं तर माणूस गेटवेहून मांडव्याची बोट धरतो. त्याच तिकिटात अलिबागपर्यंतची बस असते. पुढे चौलला एसटी. पावसाळ्यात ही बोट बंद.

अब्बा गेले ते २०१९ च्या जुलैत. रो-रो तेव्हा सुरू झाली नव्हती. कुर्ल्याच्या फुफीला मी फोनवर घाईघाईत म्हटलं, "पनवेलचं तिकीट काढा, तिथून पेणची गाडी मिळेल." मी शिक्षक, मुलांना प्रश्न नीट वाचायला सांगणारा! लोकलचं तिकीट पनवेललाच संपतं, हे सांगायचं राहिलं. कुर्ल्याच्या खिडकीवरच थेट पेणचं मागितलं असतं तर झालं असतं. फुफी पनवेलला पुन्हा रांगेत उभी राहिली आणि दिवा–रोहा गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटली. मग एसटी, वडखळचा ट्रॅफिक. पाऊस वाढत होता, मय्यत किती वेळ ठेवणार? असरनंतर दफन झालं. फुफी मगरीबनंतर पोहोचली. मला काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

परवा थंडीत ती बोटीने आली. आता पंचाहत्तरी ओलांडलीय, एसटी फुकट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना केवढी ऐट! कबरस्तानच्या गडग्याबाहेर उभी राहून तिने फातिहा पढली, भावाशी हळू काहीतरी बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परतीच्या बोटीची वेळ तू नको सांगू. मी विचारून आलेय."