सुभेदारकाकांचं देणं

आमची घरपट्टी कधीच मोठी नव्हती. गंगाखेड तालुक्यातलं गाव, पत्र्याच्या तीन खोल्या. तरी मार्चअखेरच्या वसुलीला ग्रामपंचायतीचा शिपाई दारात यायच्या आधीच दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैसे काढून ठेवलेले असत.

दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि पाकिस्तानच्या सीमेवर ठिकठिकाणी सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि पुढं काढताना बरेच जवान जायबंदी झाले. दादांचा डावा पाय गुडघ्याखालून त्यातच गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना नवा पाय बसवला. पुण्यातल्या फरशीवर तो झकास चालायचा. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की रुतायचा. दादा बांधावरच्या लिंबाला धरून उभे राहायचे आणि आई खाली बसून दोन्ही हातांनी चिखल उकरायची. रात्री ती पट्टे पुसायची, उरलेल्या पायाला खोबरेल चोळायची. तिची ती नोकरी कुठल्याच कागदावर नव्हती.

गावाकडच्या घरपट्टीची माफी पूर्वी शौर्यपदक मिळालेल्यांना होती. दादांना पदक नव्हतं, पाय मात्र गेला होता. 2020 मध्ये सरकारनं ही माफी सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली. ग्रामपंचायतींसाठी ग्रामविकास विभागानं आणि शहरांसाठी नगरविकास विभागानं. मुख्य अटी म्हणजे माफी एकाच घराला, आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला हवा.

हे आमच्या दारी येऊन सांगितलं ते सुभेदारकाकांनी. ना नात्याचे, ना गोत्याचे; दादांच्याच रेजिमेंटचे, जिंतूरकडचे. कोरोनाचे दिवस होते. तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर आले आणि ओट्यावरच बसले.

दादा म्हणाले, "साहेब, मला पेन्शन येतीय की. गावाचं कशाला बुडवू?"

"बुडवत नाहीस. तुझ्यासाठी नको, वहिनीसाठी घे. तुझ्यामागं तिलाही लागू आहे हे."

एवढं बोलून त्यांनी कागद मागितले, परभणीच्या कार्यालयातून दाखला आणला आणि ग्रामपंचायतीत आकारणीच्या नमुना 8 वर शेरा पडेपर्यंत पाठ सोडली नाही. दोन वर्षांनी दादा गेले. घर आईच्या नावावर झालं, तेव्हा तिच्या नावाचा दाखलाही काकांनीच मिळवून दिला. आई पाणीपट्टी भरते. घरपट्टी मागायला कोणी येत नाही.

मला मनापासून वाटतं, ही माफी कुणा काकांवर अवलंबून असू नये. कोण माजी सैनिक आहे ते सैनिक कार्यालयाला ठाऊक असतं, घर कुणाचं ते ग्रामपंचायतीला. दोघांनी याद्या जुळवल्या तर अधू माणसाला नि विधवेला फिरावं लागणार नाही.

काकांनी पेट्रोलचे पैसेसुद्धा कधी घेतले नाहीत. घरच्या तुरीची डाळ तेवढी घेतात. आता त्यांची नजर कमी झालीय, म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्यांचे कागद घेऊन परभणीला मी जाते. सोबत काय न्यायचं ते त्यांनीच पाठ करून घेतलंय: डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, घरपट्टीची शेवटची पावती आणि या माफीचा लाभ दुसऱ्या घरावर घेत नसल्याचं लेखी.