डब्याची फॉइल आणि चंद्राचं रॉकेट

‘शनिवारी रात्री काय करतेस?’ असं कुणी विचारलं की हल्ली मी सरळ सांगते, रॉकेटला फॉइल गुंडाळते! समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पब, मल्टिप्लेक्स, गेला बाजार घरी बसून डीव्हीडी, हे लोक समजून घेतात. पण फॉइल?

तर मंडळी, रॉकेट म्हणजे सॅटर्न फाइव्ह. माणसाला चंद्रावर नेणारं. १९६७ ते १९७३ या काळात ते १३ वेळा उडालं. खरं रॉकेट ११० मीटर उंच. माझं प्लॅस्टिकचं, १:१४४ स्केलचं, म्हणजे जेमतेम ७७ सेंटिमीटर. नुसतं जोडायचं म्हटलं तर दोन वीकेंड पुरेत. मला सात महिने झालेत. कारण एकच, डिटेलिंग!

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. मग किटच्या खोक्यावरचं चित्र तरी माझ्या नजरेतून कसं सुटणार? १९६६ साली नासानं लाँच पॅडची तालीम करायला ‘५००-एफ’ नावाचं एक सॅटर्न उभं केलं होतं. ते उडण्यासाठी नव्हतंच. त्याच्या पहिल्या स्टेजच्या दोन टाक्यांमधल्या भागावर काळा रंग होता. त्या काळ्या रंगामुळे उन्हात आतलं तापमान फार वाढतं असं लक्षात आलं आणि उडणाऱ्या रॉकेट्सवर तो भाग पांढरा झाला. पण मॉडेल बनवणाऱ्यांनी आधीचे फोटो बघितले होते ना! म्हणून कित्येक किट्समध्ये आजही कधीच न उडालेल्या रॉकेटचा रंग सापडतो. उरलेले काळे-पांढरे पट्टेसुद्धा स्टाइल म्हणून नव्हते. रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय ते कॅमेऱ्यातून कळावं म्हणून ते दिलेले होते.

फॉइलचंही तसंच. म्युझियममध्ये सॅटर्नची पाच एफ-१ इंजिनं उघडी दिसतात, सगळ्या नळ्या-बिळ्यांसकट. उड्डाणाच्या वेळी मात्र त्यांच्यावर उष्णतारोधक आवरण असायचं. खालच्या ज्वाळांची धग इंजिनांनाच लागू नये म्हणून. लांबून ते चक्क चुरगळलेल्या चांदीसारखं दिसायचं. किटमधली इंजिनं गुळगुळीत असतात. उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पोळ्यांच्या डब्याची फॉइल घ्यायची, मुठीत चुरगळायची, अलगद उलगडायची आणि पातळ गोंदानं चिकटवायची. इंजिन पेरूएवढं असतं असं समजू नका, चार सेंटिमीटरपेक्षाही कमी!

हे चालू असताना एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले.

‘काय गं, रॉकेट डब्यात देणार आहेस का कुणाला?’

बाबांबद्दल सांगायला हवं. पस्तीस वर्षं ते एका कारखान्यात टूलरूम फिटर होते. कानस चालवताना मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळतो म्हणायचे, आणि ती थाप नव्हती. गेल्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. तेव्हापासून त्यांनी हातात काही घेणंच सोडलं. चहाचा कप आम्ही अर्धा भरायचो, तोही ते आम्ही आत गेल्यावर उचलायचे. आमच्यात बोलणं म्हणजे ‘गोळी घेतली का?’ आणि ‘हो.’ बस्स.

त्या दिवशी मात्र ते खुर्ची ओढून बसले. मी खुशीत पॅनेल लाइन्स कोरायला घेणार होते. खरं रॉकेट अनेक तुकड्यांचं, मग सांधे दिसायला नकोत? बाबांनी विचारलं, ‘ही रेघ केवढी येईल?’ म्हटलं, अर्धा मिलिमीटर. त्यांनी मनातच हिशेब केला. ‘म्हणजे खऱ्यावर सात सेंटिमीटरची फट. माणसं बसवणार का यात?’

कोरणी खाली ठेवली! आता मी सांधे पेन्सिलीनं दाखवते, जवळ गेलं तरच दिसतील असे. डिटेलिंग करणाऱ्या पुष्कळ जणांशी माझं इथंच पटत नाही. त्यांना प्रत्येक रिव्हेट दिसायला हवा असतो. मग रॉकेटला गोवर आल्यासारखं वाटतं.

खरी परीक्षा होती ती अगदी टोकाच्या मनोऱ्याची. लाँच एस्केप टॉवर. उड्डाणात काही बिघडलं तर अंतराळवीरांचं कॅप्सूल ओढून लांब नेणारी मोटर या जाळीदार मनोऱ्यावर असायची. तीन-सव्वातीन मिनिटांनी गरज संपली की तो फेकून दिला जायचा. माणसं घेऊन गेलेल्या एकाही अपोलोत तो वापरावा लागला नाही. किटमध्ये त्याचे खांब बांबूएवढे जाड दिसतात, म्हणून मला तो अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचा करायचा होता. उंची दोन सेंटिमीटर. चार पाय, आडव्या-तिरक्या काड्या आणि सगळं सोल्डर करून.

बाबा म्हणाले, ‘आधी जिग कर.’ त्यांनी कागदावर काढून दिलं. रेषा थरथरत्या होत्या, पण मापं पक्की. सागाच्या तुकड्यात मी खाचा पाडल्या, तारा त्यात बसवल्या. मग त्यांनी मनगट टेकवायला एक ठोकळा मागितला आणि सोल्डरिंग आयर्न स्वतःच्या हातात घेतलं. मी काहीच बोलले नाही. आई दारात उभी राहिली होती, तीही नाही.

‘हात हलला तरी काम हलत नाही, त्यासाठीच असतो जिग,’ बाबा म्हणाले. पहिला सांधा ओघळला. त्यांनी तो पुसून परत केला. त्या रात्री तीन झाले. गोळीचा परिणाम सकाळी दहाच्या सुमाराला चांगला असतो हे आम्हाला तेव्हाच नीट कळलं. म्हणून पुढचे सांधे आम्ही रविवारी सकाळीच केले. एकूण २४, त्यातले १७ बाबांचे. कोणते माझे ते भिंग लावून ओळखता येतं. माझ्यात सोल्डर जास्त आहे.

आता दुसऱ्या स्टेजखालचा पन्हळी पत्र्यासारखा भाग बाकी आहे. त्यासाठी खाचांचा प्लॅस्टिक शीट मागवलाय. बाबांनी कालच बजावलंय की त्या आधी नवा चिमटा आण, तुझ्या चिमट्याची टोकं जुळत नाहीत.