आधी लाकूड, मग लकाकी

गाडीतलं लाकूड गेलं म्हणून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक वेळा लाकूड शाबूत असतं. गेलेलं असतं ते वरचं लॅकर. जुन्या मर्सिडीज किंवा जॅग्वारच्या डॅशबोर्डवरची, गिअरभोवतीची पट्टी म्हणजे जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा अक्रोडाचा पापुद्रा, म्हणजे विनियर. खाली प्लायवूड नाहीतर अ‍ॅल्युमिनियम, वर लॅकरचे जाड थर. वर्षानुवर्षांच्या उन्हाने लॅकर ठिसूळ होतं, खालचं लाकूड मात्र ऋतूप्रमाणे फुगत-आकसत राहतं. मग तडे जातात, तड्यांतून ओल शिरते, पांढुरके डाग पडतात. आमच्या चंडीगडची हवा या कामी फार कठोर आहे. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपलीकडे, काचा बंद असलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पाठोपाठ दमट पावसाळा आणि मग जानेवारीतलं ओलं धुकं.

अशी पट्टी हातात आली की घाईचा कारागीर थेट पॉलिश पेपर लावतो. माझं भांडण आहे ते इथेच. विनियर एवढा पातळ की कडेला दोन हात जास्त फिरले तर खालचं प्लाय दिसू लागतं, आणि तिथे नंतर काहीही करता येत नाही. मी हीट गनची मंद ऊब देऊन बोथट पात्याने लॅकर उचलतो. जुनं लॅकर कधी कधी काचेसारखं सोलून निघतं आणि खालची अक्रोडाच्या गाठीची नक्षी पुन्हा दिसते. या कामातला मला सर्वांत प्रिय क्षण तो.

सुटलेल्या विनियरखाली इंजेक्शनच्या सुईने गोंद सोडायचा, वर मेणकागद ठेवायचा आणि गरम वाळूची पिशवी दाबून ठेवायची. वक्र भागावर शिकंजा नीट बसत नाही, वाळू मात्र हवा तो आकार घेते. तुकडा उडालाच असेल तर मी काश्मिरी अक्रोड शोधतो. श्रीनगरचे कारागीर ज्यावर कोरीवकाम करतात तो अक्रोड आणि युरोपीय गाड्यांमधला अक्रोड बहुधा एकाच जातीचे, त्यामुळे रंगाचा मेळ बसतो. पण डावी-उजवी नक्षी आरशासारखी जुळवलेली असेल, तर तेवढा जुळणारा तुकडा मिळत नाही. अशा वेळी ठिगळ दिसेल, हे मी मालकाला आधीच सांगतो.

उन्हाने फिकटलेल्या लाकडाला पारदर्शक डाय द्यायचा. रंगद्रव्याचा स्टेन रेषांवर गढूळ बसतो. वर फ्रेंच पॉलिश लावा, असा आग्रह होतो. घरातल्या कपाटाला ते शोभतं. गाडीत उन्हाने त्यातली लाख मऊ पडते आणि हाताच्या सॅनिटायझरनेसुद्धा विरघळते. इथे अतिनील किरण अडवणारं, हार्डनर घालून फवारायचं टू-के पॉलियुरेथेन क्लिअरच हवं. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. साधा रुमाल किंवा मास्क पुरत नाही, रेस्पिरेटरच लागतो. शिकाऊ मुलांच्या बाबतीत मी यात तडजोड करत नाही. पावसाळ्यात फवारणी टाळतो. फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगले.

जुन्या लाकडाची किंमत न ओळखणं या शहराला महाग पडलं आहे. वास्तुविशारद पिएर जानरे १९५१ ते १९६५ इथे होते. त्यांनी कचेऱ्या आणि विद्यापीठासाठी आखलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या पुढे भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशात मोठ्या किमतींना विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. अनेक खुर्च्यांवर कोणत्या कचेरीची ते सांगणारी रंगवलेली अक्षरं आणि आकडे असतात. चकचकीत करण्याच्या नादात ते घासले, की त्या खुर्चीचा पुरावाच गेला. गाडीच्या पट्टीमागेही कारखान्याचा शिक्का किंवा पेन्सिलीची खूण सापडते. मी ती बाजू कधी घासत नाही.

समोरच्या बाजूवर क्लिअरचे थर मात्र सावकाश चढवायचे. पुरेसे वाळल्यावर आठशे, हजार, मग दोन हजार नंबरच्या पेपरने पाणी लावून सपाट करायचे आणि शेवटी कंपाउंड. स्क्रूची भोकं आणि मागच्या कडाही सील करायच्या. ओल पहिल्यांदा तिथूनच आत जाते. गाडी परत देताना माझ्या सूचना दोनच: सिलिकॉनचा स्प्रे मारू नका आणि महिनाभर गाडी सावलीत लावा. लॅकर हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला तेवढा वेळ घेतं.