एक महिन्याची मुदत

झाडं वाचवण्याचा विषय निघाला की लोकांना मुंबईचं आरे आठवतं. पोलीस बंदोबस्त, घोषणा, रात्रीच्या करवती. आम्ही शाळेत शिकवणारी माणसं, आम्हाला त्यातल्या तारखा जास्त बोलक्या वाटतात. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिथली २,१८५ झाडं तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची परवानगी ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाली. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सोमवारी, ७ तारखेला, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

ती लढाई मोठी होती, लढणारेही खंबीर होते. तरी दोन-तीन रात्रींत सगळं संपलं. म्हणून आमच्या मोहल्ल्यावर वेळ आली तेव्हा आम्ही ठरवलं, करवत येण्याआधी कागद गाठायचा.

बदलापूर पश्चिमेला आमच्या इमारतींच्या मधे एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती बगिच्यासाठी राखीव. बगिचा काही झाला नाही, पण करंज आहे, कडुनिंब आहे, चिंचेची दोन जुनी झाडं आहेत. फजरनंतर बायका तिथे फेऱ्या मारतात, असरनंतर मुलांचं क्रिकेट. त्या जागेचं आरक्षण बदलण्याची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली, मुंगीएवढ्या अक्षरात. एका शेजाऱ्याने भजी बांधून आलेल्या कागदावर ती वाचली, हे सांगितलं तर खोटं वाटेल.

दुपारी सगळे जिन्यात जमले. सूचनेची भाषा सरकारी मराठी. मराठी बोलणाऱ्यांनाही ती जड जाते, मग फक्त उर्दू वाचता येणाऱ्या आमच्या खालांचं काय! आम्ही एकेक वाक्य आधी साध्या मराठीत, मग उर्दूत सांगितलं. समोरच्या खाला म्हणाल्या, "बेटा, आपल्याला कोण विचारतंय?" विचारतात, खाला. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ मध्येच लिहिलंय की असा बदल करण्याआधी सूचना द्यायची, लोकांच्या हरकती एक महिन्यात मागवायच्या, त्यांना ऐकून घ्यायचं आणि मगच प्रस्ताव सरकारकडे पाठवायचा. त्या महिन्यात गप्प राहिलेल्या माणसाला पुढे फार कमी दारं उरतात.

विरोधही घरातूनच झाला. कोपऱ्यावरच्या दुकानाचे चाचा म्हणाले, "इमारत झाली तर गिऱ्हाईक वाढेल, तुमचं काय जातं?" त्यांचं म्हणणं आम्हाला चुकीचं वाटलं नाही; दुकानावर सात माणसांचं पोट आहे. पण २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते चाचांनाच विचारा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तर साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. उघडी माती पाणी पिते, फरशी पीत नाही. आहे तेवढी मातीही झाकली तर पाणी आधी कोणाच्या शटरखालून शिरणार? चाचा काही बोलले नाहीत. संध्याकाळी आले, कोरा कागद मागून घेऊन गेले.

एकाच अर्जाखाली शंभर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या हाताने आपली हरकत लिहावी, असा आमचा आग्रह होता. थोडा मास्तरकीचा, हे खरं. पण त्यामुळे कोणी पाण्याबद्दल लिहिलं, कोणी गुडघेदुखीला डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्याबद्दल. एका मुलीने चिंचांबद्दल लिहिलं की झाडांच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली असून पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा वृक्ष मानलं जातं. आमच्या खालांनी उर्दूत लिहिलं, खाली आम्ही मराठी तर्जुमा जोडला. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. आवक खिडकीवरचा कर्मचारी कंटाळला, पण शिक्के मारत राहिला.

सुनावणी झाली. खाला तिथे उभं राहून आपलं म्हणणं बोलल्या, अडखळल्या नाहीत. निर्णय अजून यायचा आहे. आरक्षण टिकलं तर बगिच्याच्या निधीसाठी पुढचा अर्ज तयार आहे. नाही टिकलं तर पोचपावत्यांची फाईल घेऊन वकिलाकडे जायचं ठरलंय, त्यासाठी घरटी वर्गणीही जमू लागली आहे. दरम्यान नववीतल्या दोन मुलींनी जाहीर सूचनांचं पान रोज पाहायचं काम अंगावर घेतलंय. बदलापूरचं नाव दिसलं की त्याभोवती लाल पेनने गोल करतात आणि ते पान जिन्यात चिकटवतात.